फोन आकाशाकडे धरा

"आई, हे साडेचार हजार फोटो डिलीट कर. मॅपला जागा नाहीये तुझ्या फोनमध्ये."

रुहीने असं म्हटल्यावर दीपाने फोन तिच्या हातातून काढूनच घेतला. शुक्रवारची संध्याकाळ होती. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या अगदी उत्तरेला, एका तळ्याकाठी रुहीने भाड्याने घेतलेल्या लाकडी घरात दोघी मायलेकी जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. दीपा श्रूजबरीच्या घरून सहा तास ड्राइव्ह करून आली होती. येताना धपाटे, लोणचं आणि दोन स्वेटर आणले होते. फोन रिकामा करून आणायला हवा, हे कुणी सांगितलं नव्हतं.

दीपा मूळची नागपूरची. सव्वीस वर्षांपूर्वी नवरा श्रीरंगबरोबर अमेरिकेत आली, तेव्हापासून डेटाबेस सांभाळायचं काम करत होती. रुही इथेच जन्मली, इथेच शिकली आणि शिकून थेट जंगलात गेली. झाडांचे घेर मोजायचे, कीड लागलीय का बघायचं, हे तिचं काम. इथपर्यंत आईबाबांनी कसंबसं समजून घेतलं होतं. पण तीन वर्षांपूर्वी तिने शिकारीचं लायसन्स काढलं, तेव्हा श्रीरंग दोन आठवडे तिच्याशी फोनवर बोलला नव्हता. घरात कधी अंडंसुद्धा उकडलं नव्हतं त्यांनी.

या वर्षी रुहीने आईला बोलावलं. "तू बंदूक धरू नकोस. नुसती बस माझ्याबरोबर. वन डे. मला तिथे काय मिळतं ते मला सांगता येत नाही, सो यू हॅव टू सिट इन इट."

म्हणून दीपा आली होती.

फोटो अखेर लॅपटॉपवर हलवले. मग रुहीने आईच्या फोनवर शिकाऱ्यांचं अ‍ॅप टाकलं आणि उद्याच्या जंगलाचा नकाशा उतरवून घेतला. कुठली जमीन कुणाची, वारा कुठून वाहतोय, सूर्योदयाच्या किती आधीपासून गोळी झाडायला परवानगी आहे, सगळं त्यात होतं.

"रेंज गेली की इंटरनेट जातं, आई. जीपीएस नाही जात. तू चाललीस की ही निळी रेघ तुझ्यामागे येत राहील. परत यायचं असेल तर रेघेवरून उलटं चालायचं. आणि हे बटण दाबलंस की पिन, म्हणजे त्या जागेची खूण."

"मला माहितीये जीपीएस काय असतं," दीपा म्हणाली.

"माहिती असणं वेगळं," रुही म्हणाली आणि तिने आईच्या डोक्यावर, इतर शिकाऱ्यांना लांबून दिसावी अशी, भडक नारिंगी टोपी चढवली.

सकाळी उजाडायच्या बेताला दोघी जंगलात शिरल्या. पानांवर दहिवर गोठलं होतं. एका उताराच्या माथ्यावर पडलेल्या ओंडक्याला टेकून त्या बसल्या आणि मग काहीच झालं नाही. तास गेला, दीड तास गेला. दीपाला आधी ऑफिसचे ईमेल आठवले, मग गुडघे आठवले, मग कधीतरी काहीच आठवेनासं झालं. एक मुठीएवढा पक्षी फांदीवर बसला, तेव्हा त्याच्या नखांचा झाडाच्या सालीवर होणारा आवाज तिला ऐकू आला. चोपन्न वर्षांत इतका बारीक आवाज आपण कधी ऐकला होता का, असं तिच्या मनात आलं.

नऊच्या सुमाराला खालून एक हरिणी गेली. रुहीकडे फक्त नराचा परवाना होता. तिने बंदूक उचललीसुद्धा नाही. हरिणी दिसेनाशी होईपर्यंत दोघींनी श्वास रोखून धरला होता.

साडेदहाला वारा फिरला. रुहीने फोन बघून खुणेनेच सांगितलं की ओढ्याच्या पलीकडे जाऊ. ओढ्यावर बीव्हर नावाच्या प्राण्यांनी फांद्या आणि चिखल रचून बांध घातला होता. रुही पुढे झाली. बांधाच्या मध्यावर बर्फाने गुळगुळीत झालेल्या ओंडक्यावरून तिचा पाय सटकला, दोन फांद्यांमध्ये अडकला आणि ती कडेला कोसळली.

हाड मोडल्याचा आवाज दीपाने ऐकला. पक्ष्याच्या नखांचा ऐकला होता तितकाच स्पष्ट.

कमरेपर्यंत काळ्या पाण्यात बसून रुहीने आधी बंदुकीतल्या गोळ्या काढल्या. "आई, हळू ये. यू कॅनॉट फॉल. तू पडायचं नाहीस."

दीपा रांगत गेली. काखेत हात घालून तिला मागे ओढत काठावर आणायला किती वेळ लागला, ते तिला नंतर सांगता आलं नाही. रुहीचं उजवं पाऊल नको त्या दिशेला वळलं होतं. तिचा फोन छातीच्या खिशातून पाण्यात पडला होता आणि त्या काळ्या पाण्यात हात घालून उपयोग नव्हता. पाठीवरच्या पिशवीत चंदेरी कागदासारखं ब्लँकेट होतं. दीपाने पिशवीतल्याच सुरीने तिची ओली पँट कापून काढली, आपलं जाकीट आणि अंगातले दोन्ही स्वेटर तिच्यावर घातले, वरून ते ब्लँकेट गुंडाळलं.

"मदतीसाठी हवेत तीन गोळ्या झाडायच्या का? तू झाडशील?"

"सीझन आहे, आई. लोक म्हणतील, कुणाला तरी हरीण मिळालं." रुहीचे दात वाजायला लागले होते. "तुझा फोन. रेंज नाही तरी इमर्जन्सीला सॅटेलाइटवरून टेक्स्ट जातो. ट्राय कर."

दीपाने फोन काढला. पडद्यावर आलं, आकाश मोकळं नाही. खरंच नव्हतं. वर फरची झाडं इतकी दाट होती की दुपार जवळ येऊनही खाली संध्याकाळच वाटत होती.

नकाशात चारशे मीटरवर एक फिकट हिरवा डाग होता. दलदल. तिथे झाडं नव्हती.

"जा," रुही म्हणाली.

"तुला एकटीला सोडून?"

"पिन टाक आणि जा. आणि पळू नकोस, आई. प्लीज. चाल."

दीपाने मुलगी बसली होती तिथे पिन टाकली. लाल टाचणी पडद्यावर उभी राहिली, आणि ती चालू लागली.

वीस पावलांवर मागे वळून पाहिलं तर रुही दिसत नव्हती. आणखी वीस पावलांनंतर आपण कुठून आलो तेही कळेना. चारी बाजूंना सारखीच झाडं, सारखाच शेवाळलेला अंधार. पण पडद्यावरची निळी रेघ तिच्यामागून येत होती. दीपाने आयुष्यभर आकडे ठेवायचं, शोधायचं, जपायचं काम केलं होतं. जीपीएसचं गणित तिला तोंडपाठ होतं. तरी त्या क्षणी, डोक्यावर कुठेतरी फिरणारी यंत्रं नागपूरच्या एका बाईचं एकेक पाऊल मोजताहेत, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.

झाडं संपली. समोर तपकिरी गवताचा सपाट विस्तार होता आणि त्याच्यावर, सकाळपासून पहिल्यांदाच, आभाळ होतं. केवढं तरी.

तिने मेसेजचं बटण दाबलं. फोनने प्रश्न विचारले, काय झालंय, किती जण, रक्त येतंय का. उत्तरं देऊन झाल्यावर पडद्यावर एक वर्तुळ आलं. फोन आकाशाकडे धरा. डावीकडे वळा. अजून डावीकडे.

दीपा डावीकडे वळली आणि जागीच थांबली.

चाळीस पावलांवर मूस उभा होता.

चित्रात पाहिला होता तिने. हरणाच्याच कुळातला, असंही वाचलं होतं. पण हे हरीण नव्हतं. त्याचा खांदा तिच्या डोक्याच्याही वर होता. शिंगं सुपासारखी पसरट, इतकी रुंद की तिने दोन्ही हात पसरले असते तरी टोकं हाताला लागली नसती. गळ्याखाली बैलाला असते तशी केसाळ पोळी लोंबत होती आणि नाकपुड्यांतून वाफ निघत होती. तो पाण्यातून नुकताच बाहेर आला असावा, कारण पोटाखालून अजून थेंब गळत होते. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

फोन म्हणत होता, थोडं डावीकडे. म्हणजे नेमकं त्याच्याकडे.

पळावं असं तिच्या पायांना वाटलं. रुहीचे शब्द आठवले आणि ती पळाली नाही. तिने फोन हळूहळू उचलला आणि मूसच्या शिंगांच्या वर, त्या निळ्या रिकाम्या जागेकडे धरला. वर्तुळ हिरवं झालं. जोडलं गेलं. पाठवत आहे.

"बाबा रे, दोनच मिनिटं," ती मराठीत पुटपुटली. "माझी पोरगी पडलीय तिकडे. दोन मिनिटं थांब."

तो थांबला. का थांबला, ते त्यालाच ठाऊक. कान ताठ करून तो त्या नारिंगी टोपीकडे बघत राहिला, आणि त्याच्या पाठीमागे, चौदाशे किलोमीटर उंचीवर, सेकंदाला सात किलोमीटर वेगाने एक यंत्र आकाशातून सरकत होतं. ते सरकेल तसा दीपाचा हात सरकत होता. तिला ते दिसत नव्हतं, फक्त पडद्यावरचा ठिपका दिसत होता. जे दिसत होतं ते इतकं मोठं, आणि जे दिसत नव्हतं ते इतकं दूर, आणि त्या दोघांच्या मध्ये आपण चिमूटभर. भीती होती, पण भीतीपेक्षा काहीतरी वेगळंच तिच्या छातीत भरून आलं होतं. तिचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.

उत्तर आलं. जखमी तुमच्याजवळ आहे का?

तेव्हा तिच्या लक्षात आलं, फोनने ठिकाण पाठवलंय ते आपलं. रुहीचं नाही. तिने अ‍ॅप उघडलं, लाल टाचणीचे आकडे वाचले, परत मेसेजमध्ये येऊन ते एकेक करून टाइप केले. दोनदा तपासले. पाठवले.

पुन्हा आकाश, पुन्हा ठिपका. मग चार ओळी. गेम वॉर्डन, म्हणजे इथले वनरक्षक, निघाले आहेत. साधारण अडीच तास. तिला कोरडी आणि जागी ठेवा. तुम्ही तिच्याकडे परत जाऊ शकता.

दीपाने मान वर केली. मूस चालू लागला होता. एवढा मोठा प्राणी, पण त्याच्या पावलांचा आवाज नव्हता. फरच्या रांगेपाशी गेला, शिंगं एका बाजूला कलती केली आणि त्या दाटीत पाणी मुरावं तसा मुरला. एक फांदीसुद्धा मोडली नाही.

निळ्या रेघेवरून उलटं चालत ती परतली. रुही डोळे मिटून पडली होती. दीपाने तिचं नाव घेतलं, तिसऱ्यांदा घेतल्यावर तिने डोळे उघडले.

"गेला मेसेज?"

"गेला. येताहेत. झोपायचं नाही आता. बोल माझ्याशी."

"तू बोल," रुही म्हणाली.

दीपा तिच्या पाठीला छाती लावून बसली, तिला दोन्ही हातांनी आवळून धरलं आणि बोलत राहिली. नागपूरच्या संत्र्यांचं, श्रीरंगच्या पहिल्या बर्फातल्या फजितीचं, रुहीच्या जन्माचं. मूसचं मात्र तिला बोलता येईना. "तिथे काहीतरी होतं," अशी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबली.

सव्वादोनला शिट्ट्या ऐकू आल्या. गेम वॉर्डन आणि पाच स्वयंसेवक थेट टाचणीवर आले. पुढे असलेल्या वॉर्डन बाईने रुहीचा पाय बघितला, तिच्या बोटांना हात लावला आणि दीपाला विचारलं, "तिचं लोकेशन तुम्ही वेगळं पाठवलंत ना? नाहीतर आम्ही आधी दलदलीत गेलो असतो. अंधारापूर्वी कदाचित पोचलोही नसतो."

दीपाने मान हलवली. एका स्वयंसेवकाने आपलं जाकीट काढून तिच्या खांद्यावर टाकलं, तेव्हा कुठे तिला कळलं की आपण कुडकुडतोय.

स्ट्रेचर खांद्यांवर घेऊन ते लोक दीड तास चालले. दमले की हात बदलायचे, पण खाली ठेवत नव्हते. सूर्य कलताना रस्त्यावर अ‍ॅम्ब्युलन्सचे दिवे दिसले.

रुहीच्या घोट्यात प्लेट आणि सहा स्क्रू बसले. ऑपरेशन संपलं तेव्हा श्रीरंग श्रूजबरीहून पोचला होता. इमर्जन्सी मेसेजची प्रत त्याच्या फोनवर आपोआप गेली होती आणि तो ती वाचताक्षणी निघाला होता. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्याने दीपाला खुर्चीत बसवलं आणि कॉफी आणून दिली.

मग म्हणाला, "रुही आत्ता गुंगीत सांगत होती, आई दोनदा म्हणाली, तिथे काहीतरी होतं म्हणून. काय होतं?"

"मूस होता."

"केवढा?"

दीपा उठली. तिने हात डोक्याच्या वर नेला. मग टाचा उचलल्या आणि हात आणखी वर ताणला. शेजारून जाणारी नर्स थबकून बघायला लागली. दीपाचा हात छताकडे तसाच राहिला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघता बघता श्रीरंगनेही मान वर केली.