डाव्या तळहातावरचा रेडिओ

उपग्रहावरून गाणी देणाऱ्या त्या कंपनीनं दोन हजार नऊच्या डिसेंबरात गाशा गुंडाळला, तेव्हा बसवकल्याणातले आमच्या ओळखीचे दोघं-तिघं हळहळले. मला काहीच वाटलं नाही. माझा रेडिओ चार महिने आधीच बंद झाला होता, आणि तो काही कंपनीनं बंद केला नव्हता.

माझं नाव अमृतप्पा. जन्मभर तुरीचा व्यापार केला, पण बोलणं कधी जमलं नाही. मिठाची गुळणी धरून बसतात, असं माझी बायको शिवगंगा सगळ्या सोयऱ्यांत सांगत फिरायची. तिला साखर होती, त्यात हृदयाचं दुखणं निघालं. दर महिन्याला गुलबर्ग्याला दाखवायला न्यावं लागे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "साखर असलेल्याला छातीत दुखेलच असं नाही. वाटेत त्यांच्याशी बोलत राहा. गप्प झाल्या, की आधी ही गोळी जिभेखाली, मग बाकीचं." गोळ्यांची पट्टी मी शर्टाच्या खिशातच ठेवायचो. पण दोन तास बोलायचं तरी काय? लग्नाला चौतीस वर्षं झाली होती.

तोडगा काढला आमच्या मुलानं, बसवेशनं. तो हैदराबादला नोकरीला. फोनवर म्हणाला, "अप्पा, साधा रेडिओ हुमनाबाद सोडलं की खरखर करतो. उपग्रहाचा घ्या."

गुलबर्ग्याच्या दुकानात दोन रेडिओ दाखवले. एक देखणा, मोठ्या स्पीकरचा, पण घरात ठेवायचा. दुसरा पानाच्या डब्याएवढा, गाडीतल्या लायटरच्या भोकातून वीज घेणारा. त्याला वायर, आणि वायरीच्या टोकाला तळहाताएवढी चपटी पाटी. तिचं तोंड आभाळाकडे, आग्नेयेला धरायचं. तोंड फिरलं की आवाज गुल, खरखरसुद्धा नाही. मला मोठाच आवडला होता. शिवगंगा म्हणाली, "घरात बोलायला शेजारीन हाय मला. गाडीतच कुनी न्हाई."

दुकानदार हसला. मी खाली मान घालून लहान घेतला.

पाटी काही गाडीत एका जागी टिकेना. वळण आलं की गाणं तुटे. शेवटी तिनं ती डाव्या तळहातावर घेतली आणि रस्ता वळेल तसा हात वळवू लागली. आम्ही लिंगायत. रोज अंघोळीनंतर गळ्यातल्या कापडाची गाठ सोडायची, आतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. लहानपणापासून तिच्या हाताला ती सवय होती.

"रेडिओची पूजा करायलीस व्हय?" मी म्हणालो.

"करू द्या की. ह्यो देव बोलतो तरी. तुमी कामून गप बसलाव?"

मग माझ्या मनात एक हिशेब बसून गेला. गाणं चालू, म्हणजे हात वर. हात वर, म्हणजे ती बरी. मधूनच ती ओरडायची, "अवो, वळन आलं ते सांगायचं न्हाई व्हय?" मला बरं वाटायचं. डॉक्टरांनी मला नेमून दिलेलं काम मी त्या डब्याच्या गळ्यात घातलं होतं. आज त्याची लाज वाटते.

श्रावणातला सोमवार होता. दवाखान्यात लवकर बोलावलं होतं, म्हणून तिची पूजा राहिली. पूजेआधी ती पाणीसुद्धा पीत नसे. "वाटंतच उरकते," म्हणाली आणि गाडीत बसली.

हुमनाबाद मागं पडलं. कन्नड गाणं लागलं होतं, ती गुणगुणत होती. थोड्या वेळानं गाणं तुटलं. मी वळून पाहिलं. तिची मान खाली, डोळे अर्धे मिटलेले, डावा हात मांडीवर, त्यावर पदर आलेला. मला वाटलं, पाटी ठेवून पूजेला बसली. आमच्या घरात पूजेला बसलेल्या माणसाशी कोणी बोलत नाही. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी हाक मारायची नाही, हा माझ्या आईचा दंडक. मी खड्डे चुकवत, हॉर्न न वाजवता गाडी चालवली. खरं सांगतो, जरा सुटल्यासारखंही वाटलं. आता बोलायला नको.

कमलापूर आलं. तिथली तांबडी केळी रस्त्याकडेला दिसली की ती हमखास गाडी थांबवायला लावायची. साखर गेली खड्ड्यात, म्हणायची. त्या दिवशी केळी आली आणि मागं गेली. ती काही बोलली नाही. तेव्हा कुठं मी ब्रेक दाबला.

"गंगा," मी हाक मारली. हात गार होता. गोळी जिभेखाली ठेवली, ती विरघळलीच नाही.

गुलबर्ग्यात डॉक्टरांनी विचारलं, "गप्प कधी झाल्या?"

"पूजेला बसली होती," मी म्हणालो.

नर्सनं तिच्या अंगावरचं सगळं माझ्या ओंजळीत दिलं. मंगळसूत्र, चार बांगड्या आणि लिंगाचं पांढरं कापड. कापडाची गाठ आदल्या दिवशीच्या पूजेनंतर मारलेली, तशीच पक्की होती. उघडलीच नव्हती. हुमनाबाद ते कमलापूर ती कुठल्याच पूजेला बसली नव्हती, आणि गोळी माझ्या खिशात होती.

मी गाडीकडे आलो. घाईत किल्ली तशीच चालू राहिली होती. पाटी तिच्या पायांच्या जागी पालथी पडली होती. उचलून सरळ केली, तर गाडीत गाणं सुरू झालं.

आमच्यात मेलेल्या माणसाला बसवून पुरतात, डाव्या तळहातावर लिंग ठेवून. ती गाठ मी माझ्या हातानं सोडली. ती आदल्या दिवसापासून बंदच होती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. दवाखान्यातलं माझं वाक्य माझ्या आधीच गावात पोचलं होतं. मठातले गुरू, अय्या, मोठ्यानं म्हणाले, "पूजेत प्राण गेला. असं भाग्य लाखात एकाला." बायका तिच्या पाया पडू लागल्या.

बसवेश माझ्याजवळ आला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. "अप्पा, आईला तरास झाला न्हाई न्हवं? पूजेतच गेली न्हवं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी नुसती होकाराची मान हलवली.