नववं उत्तर

स्टिकरचा कोपरा उचकटला होता — नखाएवढाच, पण उचकटला होता. आणि पंचशीलाला वाटलं, आपण हात लावला नाही तरी तो असाच, डोळ्यांदेखत, सावकाश वर वळत जाईल. त्या चंदेरी चौकोनाखाली विद्यार्थ्याचा बैठक क्रमांक असतो. तपासणाऱ्याला तो दिसू नये म्हणून तर स्टिकर. बावीस वर्षं ती बारावीच्या इंग्रजीचे पेपर तपासत होती, हजारो स्टिकर तिच्या बोटांखालून गेले होते, आणि प्रत्येकाखाली एक माणूस असतो हे तिला ठाऊक होतं… ठाऊक म्हणजे, तसं कधी वाटलं नव्हतं.

मार्चमधली दुपार होती. घाटनांदूरच्या त्या दोन खोल्यांत पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता. सासू पारूबाई उंबऱ्याशी लसूण सोलत बसली होती. संध्याकाळच्या आत गठ्ठा अंबाजोगाईला तानाजी सरांकडे पोचवायचा होता. ते मॉडरेटर, तिने तपासलेलं पुन्हा बघणारे. पंचवीसपैकी हा शेवटचा पेपर.

प्रश्न सोपा होता. आठ नामं दिलेली. प्रत्येकापुढे 'टु' लावून क्रियापद जोडायचं, नाहीतर एखादं क्रियाविशेषण. वर्गात ती हे दरवर्षी एकाच पद्धतीने शिकवायची — आपण म्हणतो प्यायला पाणी, बसायला जागा. काय करायचं ते आधी सांगतो, वस्तू मागून. इंग्रजीत उलटं. वस्तू आधी येऊन उभी राहते, आणि तिचं काय करायचं ते नंतर कळतं. पोरं वहीत उतरवून घेत. मग पेपरात, या गठ्ठ्यातल्या चोवीस जणांनी लिहिलं होतं, तेच दरवर्षी यायचं: वॉटर टु ड्रिंक. द रूम अपस्टेअर्स. ज्यांच्या अख्ख्या गावात एक माडी नाही, तीही पोरं माडीवरची खोली लिहायची, आणि ती बरोबरची खूण करायची.

या पेपरात माडी नव्हती.

वॉटर टु फेच — तिने खूण केली. द रूम इनसाइड — खूण. अ डोअर टु शट. द व्हॉइसेस आउटसाइड. हात सवयीने चालत होता, डोळे मागे राहिले होते. पाचवं उत्तर, द रोड बॅक. त्यातला 'बॅक' खोडून वर 'अवे' लिहिलेलं. दोन्ही बरोबर. पाणी आणायला, आतली खोली, लावायला दार, बाहेर आवाज… ही उत्तरं सुटी नव्हती. कुणीतरी एका जागी उभं राहून, जे समोर दिसतंय ते लिहीत होतं.

सहावं, नो टाइम टु आस्क.

सातवं, अ गर्ल टु गिव्ह. द्यायची मुलगी.

आठवं, द डे आफ्टर. दुसरा दिवस — कशाचा दुसरा दिवस? पेपरचा?

आठ बरोबर. आठपैकी आठ. तिने मार्जिनमध्ये आकडा मांडला आणि पान उलटणार तोच खाली, प्रश्नात नसलेलं, क्रमांक न घातलेलं नववं उत्तर दिसलं. अक्षर तेच, फक्त लहान, जवळ येऊन बोलल्यासारखं.

अ मॅडम टु रीड धिस.

हे वाचायला एक मॅडम.

पंखा फिरत होता, पण तिच्या मानेवरचा घाम एकदम गार झाला. मॅडम का? पेपर कुणाकडे जाईल ते लिहिणाऱ्याला कसं कळावं… जिल्ह्यात सर जास्त, मॅडम थोड्या. आणि तरी तो इथे आला होता, या टेबलावर, माझ्या हाताखाली. पंचशीलाने खिडकीकडे पाहिलं, आणि तिथे कुणी नाही याचं तिला बरं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

"का गं, अशी का बसलीस?" पारूबाईने विचारलं. "तोंड पांढरं पडलंय."

"काही नाही, आत्याबाई. एका पेपरात…" आणि मग तिने सगळी उत्तरं मराठीत सांगितली, एकेक, जशी होती त्या क्रमाने. मराठीत ती आणखी उघडी पडली.

पारूबाईचे हात थांबले. "पोरगी हाय."

"ते कळत नाही पेपरावरून. तिचा भाऊही असेल, किंवा नुसतंच सुचलं म्हणून—"

"पोरगीच हाय. पोरगं असतं तर दार उघडायला लिवलं असतं." तिने लसणाची पाकळी टोपलीत टाकली. "नाव काय तिचं?"

"नाव नसतं."

"मग हाक कशी मारतीस?"

पंचशीलाच्या मनात दिंद्रुडच्या शाळेतली एक दुपार उभी राहिली होती… बाकावर शेजारी बसणारी चैताली, तिची शाईने निळी झालेली बोटं. "पंचे, तुला एक सांगायचंय." आणि गणिताच्या पुस्तकातून मान वर न करता ती म्हणाली होती, "परीक्षा झाल्यावर सांग." परीक्षा झाल्यावर चैताली नव्हती, लग्न करून पाटोद्याकडे दिली एवढंच कळलं. पंधरा वर्षांनी पाटोद्याच्या स्टँडवर भेटली तेव्हा पंचशीलाने विचारलं, तू काय सांगणार होतीस गं? चैताली म्हणाली, "कोण, मी? मी कुठं काय म्हनलतं?" आणि हसली… फक्त ओठांनी. त्या हसण्याला पंचशीला कितीतरी दिवस भ्याली होती, आणि मग आपण कशाला भितो आहोत तेच विसरली होती.

तिने नख स्टिकरखाली घातलं. अगदी थोडं. तीन आकडे दिसले, सहा, शून्य, नऊ, आणि चंदेरी कागद फाटण्याचा बारीक आवाज झाला. तिने अंगठ्याने तो घट्ट दाबला. जणू कुणी आतून उघडू पाहत होतं, आणि तिनेच ते बंद केलं.

तानाजी सरांनी फोनवर सगळं नीट ऐकून घेतलं.

"मॅडम, मार्क व्याकरणाला हायेत, अर्थाला न्हाईत. आठ बरोबर, आठ द्या."

"आणि नववं?"

"त्याचं दोनच करता येतं. आक्षेपार्ह मजकूर म्हणून शेरा मारा, माझ्याकडं द्या. मग निकाल राखीव. चौकशीला बोलावतेत, आई-बापासकट."

"आई-बापांसमोर विचारतात?"

"मग काय. नियमच हाय." मग आवाज उतरवून म्हणाले, "न्हाई तर त्याच्यावर रेघ मारा अन् मोकळ्या व्हा. पोरं लई काहीबाही लिवतेत, मॅडम. मागल्या साली एकानं मला लिवलं होतं, पास करा न्हाई तर विहीर. तेराशे पेपरांत मी कुनाकुनाचं धरू?"

"तुम्ही काय केलंत त्याचं?"

"रेघ मारली," तानाजी सर म्हणाले.

तिने लाल पेन उचललं. रेघ मारायला एक क्षण लागतो. पेनचं टोक त्या ओळीवर टेकलं, एक ठिपका उमटला, आणि हात पुढे सरेना. शेरा लिहिला तर तिच्या बापासमोर तिला विचारतील, हे कुणासाठी लिहिलंस? रेघ मारली तर… रेघ तर मी एकदा मारलेलीच आहे, पुस्तकातून मान वर न करता.

साडेचारच्या बसने ती अंबाजोगाईला गेली. तानाजी सरांनी गठ्ठा सोडून मोजला, पुन्हा मोजला.

"चोवीस हायेत."

"एक राहिला. उद्या आणते."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. कोणता राहिला ते त्यांना कळलं होतं. आणि बावीस वर्षांत एकही नियम न मोडणाऱ्या या बाईने तो पिशवीत घालून आणलाय, हेही कळलं असावं. "उद्या अकराच्या आत," ते हळूच म्हणाले. "त्याच्यापुढं माझ्याच्यानं थांबवणं व्हायचं न्हाई. अन् मॅडम… तुमी करनार काय?"

"ठाऊक नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

परतीच्या बसमध्ये ऊन तिरपं होऊन सगळ्यांच्या तोंडांवर पडलं होतं. पिशवी तिने मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. समोरच्या बाकावर कॉलेजच्या तीन मुली खिदळत होत्या. त्यांतली एक मधेच गप्प झाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. पंचशीला तिच्या पाठमोऱ्या वेणीकडे बघत राहिली. ही नसेल. पण ही नसेल असं म्हणायला तिच्याकडे काहीच नव्हतं — या मुलीसाठी नाही, रस्त्याकडेला घागर घेऊन उभ्या असलेल्या त्या दुसरीसाठी नाही, कुणासाठीच नाही. प्रत्येकीच्या तोंडावर ते लहान अक्षर येऊन बसत होतं आणि जवळून बोलत होतं. दुपारी त्याची भीती वाटली होती. आता भीती होतीच, पण ती बदलली होती; अनोळखी जागी आपलं नाव कुणीतरी बरोबर उच्चारावं, आणि आपण मान वळवण्याआधीच त्याला ठाऊक असावं की ही वळणार, तशी.

बस रोजच्याच रस्त्याने चालली होती, तीच बाभळीची झाडं, तेच थांबे. तरी घाटनांदूर जवळ येऊ लागलं तसं तिला अगदी शांतपणे कळत गेलं की ती घरी परतत नाहीये. त्या नवव्या उत्तराने तिला बोलावलंय, आणि ती निघाली आहे.