सव्वीस कॉइल्स

टेबलावर चौतीस कॉइल्स होत्या. तिने त्या आधी सरळ मोजल्या, मग शेवटच्या टोकापासून उलट मोजल्या. सतरांच्या दोन रांगा. डाव्या मशीनमधून काढलेल्या डावीकडे, उजव्यातल्या उजवीकडे. प्रत्येकीला चिकटपट्टी आणि पट्टीवर पेन्सिलीने आकडा. प्रत्येक कॉइल अंगठ्याएवढी, तपकिरी कागदात लपेटलेली, दोन्ही बाजूंनी तांब्याच्या तारेची शेपटी बाहेर आलेली. शिवाय एक मायक्रोमीटर, पॉलिशपेपरचा तुकडा आणि संग्राहक मंडळाचा एक कोरा फॉर्म.

शेवटच्या शेपटीवरचं वॉर्निश तिने खरवडलं, तार मायक्रोमीटरच्या जबड्यात धरली आणि आकडा वहीत उतरवला.

“सव्वीस,” ती म्हणाली.

“काय सव्वीस?” बाबा खिडकीपाशी स्टुलावर बसले होते. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा अजून होता.

“जुन्या. डाव्यात सतरा, उजव्यात नऊ.”

“सतराच असणार. एकाच मशीनच्या ना?”

“तेच म्हणतेय मी.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “मग तुझं यंत्र बिघडलंय.”

मायक्रोमीटर तिच्या नोकरीच्या ठिकाणचं होतं. ती वजनं आणि मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि हे यंत्र तिने सकाळीच प्रमाण ठोकळ्यावर ताडून आणलं होतं. पण बाबांना ते सांगण्यात अर्थ नव्हता. तिने पहिली कॉइल पुन्हा उचलली.

दोन्ही मशिनं भिंतीला लावून शेजारी शेजारी उभी होती, पोटं उघडी. वर्षापूर्वी त्यांच्यात काहीच घोळ नव्हता. एक पिनबॉल मशीन मूळ, एक त्याचा रीमेक. काचेखाली उतरती फळी, फळीवर दीपगृहाचं चित्र, खाली घरंगळणारा स्टीलचा गोळा परत वर भिरकावणारे दोन फ्लिपर, आणि फळीच्या पोटात सतरा कॉइल्स. बटण दाबलं की कॉइलमधून वीज जाते, तिचं क्षणभर लोहचुंबक होतं आणि फ्लिपर उसळतो. मूळ कारखाना छोटा होता. काटकसर म्हणून त्याने सतराही कामांना एकाच मापाची कॉइल बसवली, त्यामुळे फ्लिपर दुबळे पडले, मशीन खपलं नाही आणि कारखाना बंद झाला. पुढे नेमक्या त्याच कारणाने ते दुर्मिळ ठरलं. मग दुसऱ्या एका कंपनीने रीमेक काढला. चित्र तेच, आवाज तोच, तपकिरी कागदसुद्धा तसाच. कॉइलची तार तेवढी बारीक: मूळची ०.३२ मिलिमीटर, रीमेकची ०.३०.

दोन्ही मशिनं दातांच्या डॉक्टरांची, बाबांच्या दुकानात दुरुस्तीला आलेली. मूळ मशीनची पेटी वाळवीने खाल्ली होती आणि फळी तडकली होती, म्हणून डॉक्टरांनी पेटी आणि फळी नव्या, रीमेकच्या कंपनीकडून मागवल्या. बाहेरून ओळखायला आता फक्त नंबराच्या पट्ट्या उरल्या होत्या. त्या बाबांनी घासायला म्हणून काढल्या आणि एकाच डब्यात टाकल्या. एकीवर नंबर होता, तो गंजाने गेलेला. दुसरीवरचा नंबर कंपनीने हौसेने मूळ मशीनसारखाच गंजका छापला होता.

हे सगळं मोतीबिंदूच्या सहा महिन्यांतलं. तेव्हा बाबांना बोटभर अंतरावरचंही धूसर दिसायचं. तरी त्यांचा नेम चुकला नाही: दिवस मावळायच्या आत दुकानातलं एक तरी मशीन वाजलं पाहिजे. हाताला जी कॉइल चांगली लागेल ती काढायची आणि त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याच्यात बसवायची. लिहून ठेवायचा प्रश्नच नव्हता. आयुष्यात त्यांनी कधी काही लिहून ठेवलं नव्हतं.

मंडळाचा नियम साधा होता. सतरापैकी किमान नऊ कॉइल्स मूळ कारखान्याच्या, तर मशीन मूळ. फॉर्मवर तारेची जाडी लिहायची आणि खाली तपासनिसाची सही. तीस वर्षं ती सही बाबांची होती. गेल्या महिन्यात मात्र दोन संग्राहक येऊन “आता दिसतं ना नीट, मिस्त्री?” असं गोड बोलून आपापली मशिनं परत घेऊन गेले. मग मंडळाच्या सचिवांचं पत्र आलं. पुढच्या यादीत आपलं नाव ठेवायचं की नाही, ते दीपगृहाच्या मशीनच्या तपासणीनंतर ठरवू, असं त्यात होतं. पत्र तिनेच वाचून दाखवलं होतं. ऐकून बाबांनी ते घडी घालून पॉलिशच्या डब्याखाली ठेवलं.

दार ढकलून डॉक्टर आत आले. दवाखान्यातून थेट आले असावेत, खिशात आरसा लावलेली बारीक दांडी तशीच होती.

“काय मिस्त्री, खरा दात कुठला आणि कवळी कुठली?”

“बसा,” बाबा म्हणाले. “लेक मोजतेय.”

“तुम्हाला मोजायला कधीपासून लागायला लागलं? हात फिरवून सांगायचात.”

बाबा उठले. त्यांनी काळा चष्मा टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले. आधी उजव्या मशीनच्या पोटात हात घातला, मग डाव्याच्या. कॉइल्स तर टेबलावर होत्या. आत नुसत्या चौकटी, स्प्रिंगा, तारा. तरी ते डाव्यापाशी बराच वेळ थांबले.

“हे,” ते म्हणाले. “डावं.”

“आणि मोजणी काय म्हणते?” डॉक्टर तिच्याकडे वळले.

“डाव्यात सतराच्या सतरा जुन्या आहेत.”

“वा! मग झालं की. मला वाटलं दहा-अकरा भरतील.” डॉक्टरांनी स्वतःच फॉर्म बाबांपुढे सरकवला. “करा सही. मूळ मशीनसाठी गिऱ्हाईक ताटकळलंय.”

“उजव्यातही नऊ आहेत,” ती म्हणाली.

“नऊ?” डॉक्टरांनी हिशेब केला आणि खुर्चीत मागे रेलले. “म्हणजे नियमाने तेही मूळच.”

“हो. नियमाने.”

“अरे! म्हणजे एकावर एक फुकट? मिस्त्री, तुमच्या दुकानात मशिनं वितात की काय?”

बाबा हसले नाहीत. “एका घरात थोरली पाती एकच असते, डॉक्टर.”

“अहो, पण फॉर्मवर काय लिहायचं? जाडी. जाडी बरोबर आहे ना, शास्त्रज्ञबाई?”

“जाडी बरोबर आहे. बेरीज चुकीची आहे. इथे तुमचं एक मूळ मशीन, त्याच्या सतरा कॉइल्स. कितीही अदलाबदल केली तरी दोन्हीकडच्या मिळून सतराच यायला हव्यात. नऊ जास्त कुठून आल्या?”

“आल्या असतील कुठून तरी. मी दात मोजतो तेव्हा तेहतिसावा निघाला तर तक्रार करत नाही, काढून टाकतो.”

“कुठल्या नऊ काढायच्या?” तिने विचारलं. “सगळ्या सारख्याच दिसतात.”

डॉक्टरांनी आरशाची दांडी काढून दोन-चार कॉइल्स उगाच उलटसुलट न्याहाळल्या. बाबांच्या हातात पेन होतं. पेनचं टोपण त्यांनी काढलं, लावलं, पुन्हा काढलं. सही केली तर कुणी विचारणार नव्हतं. मंडळात सव्वीसची बेरीज करणारं कुणी नव्हतं. आणि “मला सांगता येत नाही” असं लिहिलं तर सचिवांना हवं ते कारण घरबसल्या मिळत होतं. तिला हे कळत होतं, बाबांनाही. ती वहीकडे बघत राहिली, कारण त्यांच्याकडे बघवेना.

“बाबा, तुम्ही कुठून विकत आणल्या होत्या का?”

“कुठून आणणार? मिळतात का बाजारात?”

“मग रीमेकच्या नऊ नव्या कॉइल्स कुठे गेल्या?”

“त्या दुबळ्या होत्या. गोळा वरपर्यंत जाईना. भंगारात दिल्या बहुतेक.” ते अडखळले. “आणि त्यांच्या जागी...” पेन हवेतच राहिलं. “त्यांच्या जागी काहीतरी घातलं असणारच ना मी.”

आतल्या दारातून आई चहा घेऊन आली. टेबलावर जागा नव्हती म्हणून ट्रे हातातच धरून उभी राहिली.

“वहिनी, तुम्हीच सांगा,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्या घरात नऊ कॉइल्स आकाशातून पडल्या.”

“आकाशातून कशाला? यांनीच नाही का केल्या?” आईने ट्रे मशीनच्या काचेवर ठेवला. “दिसत नव्हतं तेव्हा दुसरं काय करत होते दिवसभर? त्या जुन्या तारेच्या रिळाला धरून बसायचे. मोजत, मोठ्याने. अकराशे वेढे म्हणे. मी जेवायला हाक मारली की आकडा चुकायचा, मग सगळं उसकटून पुन्हा एकपासून. महिनाभर या घरात मला खोकायची चोरी होती.”

“मी?” बाबा म्हणाले.

“नाही, शेजारच्यांनी! माझ्या डब्यातला निळा दोरा संपवलात टोकं बांधून. विचारलं तर म्हणे, वर कागद लावायचाय, कुणाला दिसतोय.”

बाबा आईकडे बघत राहिले. जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकत होते. तिने मात्र वॉर्निश खरवडायचं पातं उचललं होतं. डावीकडची पहिली कॉइल. कागदाची कडा अलगद सोडवली. तारेचं टोक सुती पट्टीने दाबलेलं, कारखान्याचं. दुसरीही तशीच. तिसरीच्या कागदाखाली निळ्या दोऱ्याची बारीक गाठ होती, दोन वेढे आणि मध्ये फास.

चहावर साय धरली. तिने सव्वीसच्या सव्वीस कॉइल्सचे कागद सोडवले, गाठ दिसली की ती कॉइल वेगळी ठेवली. उजव्या रांगेत एकही गाठ निघाली नाही. डाव्या रांगेत नऊ निघाल्या.

“म्हणजे डाव्यात कारखान्याच्या आठ,” डॉक्टर हळूच म्हणाले. “आणि उजव्यात नऊ.”

“हो.”

“म्हणजे मूळ ते उजवं. एका कॉइलने.”

“हो.”

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. “मिस्त्री, तुम्ही तर डावं म्हणालात.”

बाबांनी फॉर्म जवळ ओढला. नवीन डोळ्यांनी लिहायची सवय नव्हती, म्हणून कागद आधी फार लांब धरला, मग फार जवळ. उजवं मशीन, मूळ, नऊ. डावं मशीन, रीमेक, आठ. त्याखाली एक ओळ आणखी लिहिली: डाव्यातल्या उरलेल्या नऊ कॉइल्स तपासनिसाने स्वतः केलेल्या आहेत. मग सही.

“ही ओळ लिहायलाच हवी होती का?” डॉक्टर म्हणाले. “सचिव काय म्हणेल? यांना आपलं स्वतःचं काम ओळखता आलं नाही.”

“खरंय ते,” बाबा म्हणाले. “नाहीच आलं.”

डॉक्टर फॉर्म घेऊन गेले. उजवं मशीन उद्या नेतो म्हणाले. डाव्याचं काय ते काही बोलले नाहीत. आईने साय काढून तोच चहा पुन्हा गरम करायला नेला.

बाबा डाव्या मशीनसमोर उभे होते. त्यांनी रिकाम्या पोटात हात घातला, एका चौकटीवर बोट फिरवलं आणि काढून घेतलं.

“कॉइल्स नव्हत्याच आत,” ते म्हणाले. “मग हात कशावरून म्हणाला, डावं?”

“माहीत नाही, बाबा.”

“तू शिकलीस ना हे सगळं?”

“हे नाही शिकवत.”

बाबा चष्मा लावून स्टुलावर जाऊन बसले आणि पाठ भिंतीला टेकवली.

फॉर्म गेला होता. मोजण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तरी तिने पिशवीतून प्रयोगशाळेचा मीटर काढला. कॉइलमधले वेढे जितके, तितका विजेला होणारा विरोध. गुंडाळल्यावर वेढे मोजता येत नाहीत, विरोध मोजता येतो; वेढे सारखे, तर आकडेही सारखे. तिने खोलीचं तापमान लिहिलं, तेवीस अंश. मग एकेका कॉइलच्या दोन्ही शेपट्यांना चिमटे लावत गेली आणि आकडा स्थिर होईपर्यंत दरवेळी वीस सेकंद थांबली. नव्या आठ तिने बाजूला ठेवल्या. सव्वीस आकडे झाल्यावर वहीत एक रेघ मारली आणि खाली दोन ओळी लिहिल्या.

कारखान्यातल्या सतरा: १६.०८ ते १६.९१ ओहम.

हाताने गुंडाळलेल्या नऊ: १६.४७ ते १६.५४ ओहम.