गप्प मनोरे

वणव्याने डोंगर ओलांडला तेव्हा भर दुपार होती, तरी आमच्या आपत्ती कक्षात दिवे लावावे लागले होते. खिडकीबाहेरचं आभाळ तांबूस पिवळं पडलं होतं. मी वायरलेसवर होते. शेजारच्या टेबलावर मार्नी सोरेन्सन, आमच्या जिल्ह्याची एकुलती एक संगणकवाली.

मोबाइलचे टॉवर सकाळीच जळाले होते. खोऱ्यातल्या लोकांना 'निघा' म्हणून सांगायला फक्त भोंगे उरले होते, प्रत्येक वस्तीजवळच्या मनोऱ्यावर एकेक. आमच्या प्रमुखाने, ग्लेनने, बटण दाबलं. पडद्यावर पहिल्या मनोऱ्याचं नाव आलं, त्यापुढे 'जोडत आहे' असं उमटलं आणि तिथेच राहिलं.

"अडकलं का?" ग्लेनने विचारलं.

"अडकलं नाही, वाट बघतंय," मार्नी म्हणाली. "तिथलं यंत्र चालू असतं आणि त्याला बोलायचं नसतं, तर त्याने लगेच 'नाही' कळवलं असतं. नाही म्हटलं की आपण पुढे जातो. हा मनोरा जळालाय. तो काहीच बोलत नाही. मग आपला संगणक पुन्हा हाक मारतो, आधीपेक्षा जास्त थांबतो, पुन्हा हाक मारतो. एकेका मनोऱ्यापायी दोन मिनिटांच्या वर जातात."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे रांगेत. एकाचं आटोपल्याशिवाय दुसऱ्याला हाक नाही. कंत्राटदाराने तसंच लिहिलंय."

सरावाच्या वेळी सगळे मनोरे धडधाकट असायचे, त्यामुळे हे कधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. रांग दक्षिणेकडून सुरू व्हायची आणि आगही दक्षिणेकडूनच आली होती. रांगेच्या शेवटी होतं केटल फोर्क. तिथे मार्नीचे वडील ऑर्विल आपल्या म्हाताऱ्या घोड्यांबरोबर राहत. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मार्नीने प्रोग्राम उघडला. प्रत्येक मनोऱ्याला हाक मारायची, दोन सेकंदांत उत्तर आलं नाही तर सोडून पुढे जायचं, एवढाच बदल तिने केला. टाइप करताना तिची बोटं चुकत होती. ती दात आवळून खोडत होती, पुन्हा लिहीत होती.

चालू केल्यावर नावं भराभर सरकली. उत्तर नाही, उत्तर नाही, मग एकदम 'भोंगा सुरू'. त्यापाठोपाठ आणखी काही. माझ्या वायरलेसवर गस्तीच्या गाडीतला पोरगा ओरडून सांगू लागला की भोंगे ऐकू येताहेत, लोक गाड्या भरताहेत.

मग शेवटची ओळ आली. केटल फोर्क: उत्तर नाही, सोडला.

मार्नीने त्या ओळीवर बोट ठेवलं. "तो जळालेला नाही," ती म्हणाली. "आग अजून तिथवर गेलीच नाहीये. त्याचा निरोप दोन डोंगरांवरून रेडिओने येतो, आज फार रेंगाळत असणार. मीच त्याला बोलू दिलं नाही."

"मग वेळ वाढव ना."

"वाढवला तर जळालेले सगळे तेवढाच वेळ खातील, ग्लेन. लार्च फ्लॅट वस्तीचा मनोराही गप्प आहे. तो मेलाय की रेंगाळतोय, मला इथून कसं कळणार?"

"मला विचारू नकोस. मला यातलं काही कळत नाही. पण काहीतरी कर, बाई."

तिने तोंडावरून हात फिरवला. मग अर्धंअधिक पुसून नव्याने लिहायला घेतलं. आता रांगच नको. सगळ्यांना एकदम हाक मारायची आणि जो बोलेल त्याचं ऐकायचं. जळालेल्यासाठी कितीही थांबलं तरी जिवंताचा खोळंबा नाही. मधेच ती उठून ग्लेनसमोर उभी राहिली.

"गाडीची किल्ली दे. मी वर जाते."

"रस्ता बंद केलाय. आणि तू गेलीस तर हे कोण पुरं करणार? डेलिया?"

माझं नाव ऐकून तिने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. ती परत बसली.

या खेपेला केटल फोर्क जोडला गेला. 'वाजव' हा हुकूम गेला. पण 'भोंगा सुरू' हे उत्तर येईना, आणि मग संपर्कच तुटला.

"वाजला की नाही?" मी विचारलं.

"माहीत नाही. हुकूम पोचून उत्तर हरवलं असेल. नाहीतर हुकूमच पोचला नसेल. इथून दोन्ही सारखंच दिसतं." तिने पुन्हा जोडलं, पुन्हा हुकूम पाठवला. पुन्हा तुटलं. मग ती तेच करत राहिली. मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे ठेवला, तो तसाच राहिला.

संध्याकाळी खोऱ्यातून निघालेली माणसं हॉकीच्या मैदानाच्या इमारतीत जमली. ऑर्विल शेजारणीच्या ट्रकमधून उतरले, भुवया जळालेल्या, हातात एक लगाम.

"बाबा, वाजला होता का?"

"वाजला म्हणजे, गळा धरल्यासारखा जरासा वाजला आणि बसला. मला वाटलं सराव असेल. ही एव्हलिन दार ठोठावत आली, म्हणाली, म्हाताऱ्या, घोडे सोड आणि चल." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "क्वीरिंग मंडळी आली का गं? लार्च फ्लॅटची?"

मार्नीने माझ्याकडे पाहिलं. आलेल्यांच्या नावांची यादी माझ्याजवळ होती. त्यात क्वीरिंग नवराबायको नव्हती.

तिने वडिलांना खाटेवर बसवलं, अंगावर पांघरूण घातलं आणि ती कक्षाकडे निघाली. मी मागोमाग गेले. लार्च फ्लॅटला हाक चालूच होती. ग्लेन पडद्यासमोर उभा होता.

"बंद करू का?" त्याने हळूच विचारलं.

"नको," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

क्वीरिंग नवराबायकोचे मृतदेह त्यांच्या घरातच सापडले, आग विझल्यावर. तो मनोरा जोडला गेलाच नाही. त्या आठवड्यात ग्लेनने मार्नीच्या टेबलावर रोज सँडविच आणून ठेवलं, आणि बहुतेक वेळा ते तसंच राहिलेलं मीच संध्याकाळी उचललं.