तेविसावी पायरी

आमच्या उतारावरच्या पायऱ्या पालिकेनं राखाडी रंगानं पुसल्या, की आम्ही त्या पुन्हा रंगवतो. ही चौथी खेप. प्रत्येक पायरीला वेगळा रंग आणि त्यावर आमच्यातल्या गेलेल्या एकीचं नाव. कुणाला गिऱ्हाइकानं मारलं, कुणाला सख्ख्या भावानं, कुणी कोठडीतून परत आलीच नाही. इस्तंबूलच्या कबरस्तानात आम्हा तृतीयपंथी बायकांच्या दगडावर घरच्यांनी ठेवलेलं पुरुषाचं नाव असतं. खरं नाव फक्त या पायऱ्यांवर.

म्हणून नाव द्यायला आलेल्याकडे आम्ही कागद मागत नाही. कागदावर खोटंच नाव असतं. येणाऱ्यानं सांगायचं, गुलबेस्तेताईनं चिठ्ठीवर उतरवायचं, आम्ही रंगवायचं. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

शनिवारी सकाळी ताईनं मला तेविसाव्या पायरीची चिठ्ठी दिली. त्यावर लिहिलं होतं, 'पेरुझे, चोरूमची'.

चोरूमची पेरुझे म्हणजे मी.

हातातला ब्रश निसटला, जांभळा रंग चपलेवर सांडला. ताईला मरणाचीही थट्टा करायची खोड आहे, म्हणून मी आधी तिला शिव्याच घातल्या. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला. पेरुझे नावाच्या दोघींना तिनं स्वतः माती दिली होती, आणि मी चोरूमची हे मी कुणाला कधी सांगितलंच नव्हतं; मग ही मीच हे तिला कळणार कसं? आमच्यात कुणी कुणाचं गाव विचारत नाही.

"टीव्हीवर आपल्या पायऱ्या बघून गुरुवारी एक म्हातारी आली होती," ताई म्हणाली. "लिहिता येत नव्हतं तिला. मुलगी इझ्मिरला वारली म्हणून मुलानं सांगितलं म्हणे."

"'मुलगी' असंच म्हणाली? मुलगा नाही?"

"'मुलगी'च म्हणाली. दोनदा."

सव्वीस वर्षांपूर्वी मी घरी फोन करून आईला सांगितलं होतं, मी आता पेरुझे. आईनं ऐकलं आणि फोन ठेवला. पुढे दर वेळी माझा भाऊ नेजातीच फोन उचलायचा आणि आईला तुझं तोंडही बघायचं नाही म्हणायचा. मी खरं मानलं. आणि तिनं एकदाच ऐकलेलं नाव इतकी वर्षं जपलं होतं. नेजातीनं मला जिवंतपणी पुरलं होतं.

आई दुपारी पायरी बघायला येणार होती. नाव घालू की नको, ताईनं दोनदा विचारलं. मी पायरी जांभळी केली आणि कोरी ठेवली.

दुपारच्या नमाजानंतर ती आली. किती लहानखुरी झाली होती. हातात प्लास्टिकचा डबा. ब्रश माझ्या हातात पाहून तिनं मलाच विचारलं,

"बाई, माझी पोर कुठल्या पायरीवर गं?"

मी बोट दाखवलं. तिला वाचता येत नाही, म्हणून तिनं ओल्या रंगावरून नुसता हात फिरवला. मग डबा उघडून चमचा माझ्यापुढे धरला. रव्याचा हलवा, मेलेल्याच्या नावानं वाटतात तो.

"घे. माझ्या पेरुझेसाठी दुवा कर."

या हलव्याला नाही म्हणत नाहीत. मी तोंडात घेतला. रवा करपलेला, चिलगोजे जास्त, पूर्वीसारखाच. घास तोंडातच फिरत राहिला.

"तू ओळखायचीस तिला?"

"आई," मी म्हटलं, "तू अजून रवा करपवतेस."

ती माझ्याकडे बघतच राहिली. कपाळ, डोळे, पुन्हा कपाळ. तिच्या हातून डबा पडला, हलवा पायऱ्यांवरून खाली सांडत गेला. ती आता कोसळेल, असं वाटून मी पुढे झाले. तर तिनं माझी हनुवटी घट्ट धरली आणि जांभळा तळवा माझ्या तोंडाखाली धरला.

"थुंक," ती म्हणाली. "मेलेल्यांचा आहे तो. आधी तो घास थुंक."