दुकान आहे आमचं

महिनाभर मी माझ्या सासूला कशानेच हाक मारली नव्हती.

हे वाटतं तितकं सोपं नाही. दिवसभर एकाच दुकानात, एकाच काउंटरमागे उभं राहायचं आणि तरी हाक न मारता काम भागवायचं म्हणजे डोक्याला ताप असतो. त्या आत काच घासायच्या मशीनवर असल्या की मी खोकायचे. बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत असल्या की फ्रेमचा ट्रे आपटायचे. एकदा तर मी सरळ टाळी वाजवली. तेव्हा नंबर तपासायला बसलेला माणूस असा दचकला की त्याने सगळी अक्षरं परत पहिल्यापासून वाचून दाखवली.

भानगड अशी होती. मी त्यांच्या चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागले तेव्हा त्यांना मॅडम म्हणायचे. मग त्यांच्या मुलाने मला काउंटरवर पाहिलं, मी त्याला पाहिलं, लग्न झालं आणि मी त्यांना मॅडमऐवजी आई म्हणायला लागले. आता कोर्टाने आम्हा नवराबायकोला वेगळं केलं. तो दुसऱ्या शहरात राहायला गेला, मी दोन गल्ल्या पलीकडे खोली घेतली, पण आईंचं काय करायचं ते कुणीच सांगितलं नाही. परत मॅडम म्हणावं तर रुसल्यासारखं दिसेल. काकू म्हणावं तर त्यांना भोवळ येईल. आणि आई म्हणायचा हक्क माझ्या सहीबरोबर गेला, असं मी धरून चालले होते. त्यांचीही तीच गत. मला पूर्वी दिवसातून शंभरदा ‘अगं’ करणाऱ्या त्या आता हवेत बघून ‘जरा ती काडी घट्ट करायचीय’ असं म्हणायच्या. ही गोष्ट सांगताना काहीतरी म्हणायलाच हवं, म्हणून त्यांना सासूबाई म्हणते.

दरवर्षी दुकानातल्या मालाची मोजदाद संपली की आम्ही दोघी शनिवार-रविवार डोंगराच्या पायथ्याच्या त्या शहरात जातो. सासूबाई लग्नाआधी तिथेच काच घासायला शिकल्या. त्यांना तिथल्या गल्ल्या तोंडपाठ, आणि आता मलाही. नवरा कधी आला नाही. त्याला डोंगर लांबूनच बरे वाटायचे, तशी मीही. यंदाची खोली आम्ही कोर्टाच्या आधीच सांगून ठेवली होती. ‘रद्द करू या का’ हे ना त्यांनी विचारलं, ना मी.

मी मनाशी पक्कं केलं होतं. हे दोन दिवस त्यांना जपायचं आणि परतताना बसमध्ये सांगायचं की सोमवारपासून मी दुकानात येत नाही. मला दुकान सोडायचं नव्हतं. दुसरं काही मला येतही नाही आणि यावं असं वाटतही नाही. पण रोज सकाळी शटर उघडलं की त्यांच्या पुढ्यात मी उभी. बिचाऱ्यांना मुलाचा मोडलेला संसार समोर चालता-बोलता दिसत असणार. इतकी निर्दयी मी नाही.

बसमध्ये आम्ही दोघी तोंडं लांब करून बसलो. त्या खिडकीबाहेर बघून उसासा टाकायच्या, लगेच मी एक टाकायचे. पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून विचारलं, कुणी आजारी आहे का.

गेस्टहाउसचा मालक, ज्याला आम्ही आपापसात मिशीवाला म्हणतो, आम्हाला बघून नेहमीसारखा ओरडला, “आल्या का सासू-सुना!” आम्ही दोघींनी एकदम चपला काढायला खाली बघितलं. त्याने मुकाट्याने किल्ली दिली.

खोली तीच, वरच्या मजल्यावरची. दोन पलंग, एक कुरकुरणारं कपाट आणि खिडकीत मावत नाहीत असे डोंगर. सासूबाईंनी पिशवी उघडली आणि पलंगावर रुमाल काढून ठेवायला सुरुवात केली. एक, दोन, मग ढीगच. मग डोकेदुखीचा बाम, मग ग्लुकोजचा पुडा.

“हे कशाला?” मी विचारलं.

“तुझ्यासाठी. म्हटलं, इथे तरी मोकळेपणी रडशील.”

मी माझी पिशवी उलटी केली. रुमालांचा ढीग, बामाची बाटली आणि शेजारणीकडून मागून आणलेलं रक्तदाब मोजायचं यंत्र.

सासूबाई माझ्या पलंगाकडे बघत राहिल्या. मग आपल्या पलंगाकडे. “तू किती रडलीस?” त्यांनी हळूच विचारलं.

“सुरुवातीचे काही दिवस. मग नाही आलं रडू. तुम्ही?”

“एकदा रडले. पण तेव्हा कांदा चिरत होते, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.”

माझ्या नाकातून एक आवाज निघाला. तो मी खोकला म्हणून खपवायला गेले, पण उशीर झाला होता. सासूबाईंनी रुमालांतला एक उचलून तोंडात कोंबला आणि त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. रुमाल काढल्यावर बघते तर हसून हसून डोळ्यांत पाणी.

“आपलाच मुलगा आहे,” त्या धापा टाकत म्हणाल्या, “वाईट नाही गं तो. पण घरात असला की पंखासुद्धा दमल्यासारखा फिरायचा.”

झालं, मी पलंगावर आडवी झाले. महिनाभर मी त्यांच्यासमोर सुतकी चेहरा करून वावरत होते, रेडिओचा आवाज कमी करत होते, हसू आलं की मागे जाऊन काचांचे डबे उगाच लावत होते. आणि त्या माझ्यासमोर तेच करत होत्या. दोघींनी मिळून एक सबंध महिना वाया घालवला होता. मला इतका राग आला की मी आणखी हसले.

त्यानंतर आमच्या अंगात आलं, दुसरा शब्द नाही. आम्ही शहरभर उधळलो. जिन्याच्या गल्लीत सासूबाई माझ्याआधी वर पोचल्या आणि वरून ‘म्हातारी’ म्हणून चिडवत राहिल्या. बाजारात आम्ही गोंडा लावलेल्या लोकरी टोप्या घेतल्या, त्यांची हिरवी, माझी केशरी, आणि दुकानदाराने ‘लहान मुलांसाठी का’ विचारलं तेव्हा दोघी एकदम ‘हो’ म्हणालो आणि तिथेच डोक्यावर चढवल्या. जेवायच्या आधी आइस्क्रीम खाल्लं, जेवल्यावर परत खाल्लं. आणि सासूबाईंची जुनी खोड होतीच. कुणाचा चष्मा नाकावर तिरका दिसला की त्यांचा हात शिवशिवतो. पर्समधला चिमुकला स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी त्या दुपारी एका रिक्षावाल्याचा, एका नव्या नवरीचा आणि आइस्क्रीमवाल्याचा चष्मा सरळ केला. आइस्क्रीमवाला म्हणाला, जग आता सपाट दिसतंय, पूर्वी जरा उताराचं होतं.

चौकात फोटो काढून लगेच हातात देणारा एकजण उभा होता. त्याचाही चष्मा कानावरून निसटत होता. सासूबाईंनी त्याची काडी वाकवून दिली. तो खूश होऊन कॅमेरा सरसावत म्हणाला, “या, एक छान फोटो काढू. माय-लेकी ना?”

“नाही,” सासूबाई म्हणाल्या. फार पटकन म्हणाल्या.

“मग सासू-सून?”

तो कॅमेऱ्याआडून वाट बघत राहिला, जणू नातं कळल्याशिवाय बटण दाबता येत नाही.

“दुकान आहे आमचं,” सासूबाई शेवटी म्हणाल्या.

फोटोत मी हसते आहे. पण मला ते ‘नाही’ लागलं होतं. मग वाटलं, बरोबरच आहे, त्यांनी काय म्हणायला हवं होतं? आणि दुकान तरी ‘आमचं’ किती दिवस राहणार? बसमध्ये सांगायचं ते मला आता जास्तच जड वाटायला लागलं, कारण ज्यांना सांगायचं त्या समोर हिरवी टोपी घालून मक्याचं कणीस खात होत्या आणि मला त्या फार आवडत होत्या.

रविवारी सकाळी रोपवे. दर वर्षी आम्ही त्याने डोंगरावर जातो, वर तासभर बसतो आणि उतरतो. त्या दिवशी तुफान गर्दी. मी पाण्याची बाटली घ्यायला रांगेतून बाहेर पडले तेवढ्यात ट्रॉली आली. शाळेच्या मुलींचा एक घोळका आत घुसला, रांग मागून रेटली आणि सासूबाई त्या लोंढ्याबरोबर दाराशी पोचल्या. दारावरचा माणूस ‘एकच जागा, एकच’ असं म्हणत होता. त्यांना वाटत होतं मी मागेच आहे.

तिथे खोकून भागणार नव्हतं. आपटायला ट्रे नव्हता. टाळी वाजवली असती तर मुलींनीही वाजवली असती. मी तोंड उघडलं आणि जे आलं ते आलं.

“आई!”

आजूबाजूच्या निदान चार-पाच बायकांनी वळून बघितलं. एकीने तर मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आपलीच आहे की काय म्हणून. हिरवी टोपी तेवढी वळली नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती दारात क्षणभर थांबली, ताठ झाली आणि आत गेली. दार लागलं आणि ट्रॉली सुटली.

थांबली होती, म्हणजे ऐकलं होतं. ऐकून वळल्या नाहीत.

मी पुढच्या ट्रॉलीत बसले. समोर एक जोडपं एकमेकांना बिस्किटं भरवत होतं. मी त्यांच्याकडे असं काही बघितलं की त्यांनी पुडा बंद करून खिशात ठेवला. खाली शहर लहान लहान होत चाललं होतं आणि डोकं भणभणत होतं. बरं झालं, मी स्वतःला सांगत होते, उत्तर मिळालं, आता बसची वाट बघायला नको. वर जायचं, सांगायचं, मोकळं व्हायचं.

वर लख्ख ऊन होतं. कठड्याजवळच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या आणि चष्मा काढून शालीच्या टोकाने पुसत होत्या. काच अंगावरच्या कपड्याने पुसणाऱ्या गिऱ्हाइकांना त्या दुकानात उभ्या उभ्या झाडतात.

“हाक मारली होती मी,” मी म्हणाले.

“ऐकली.”

“मग?”

“मला वाटलं, दुसऱ्या कुणाची तरी मुलगी असेल.”

“माझा आवाज नाही ओळखलात?”

“आवाज ओळखला.” त्या पुसतच राहिल्या. “म्हणून तर वळले नाही. वाटलं, मी वळायचे आणि तू भलत्याच कुणाला बोलावत असायचीस. चारचौघांत फजिती.”

“इथे भलत्या कुणाला मी आई म्हणून बोलावणार?”

“हो, ते नंतर लक्षात आलं. तोवर दार लागलं होतं.”

मी बाकावर बसले. राग होता तो कुठे गेला कळलं नाही, पण सांगायचं ते तोंडाशी आलेलंच होतं, ते सांडलं. “सोमवारपासून मी दुकान सोडणार आहे.”

चष्मा पुसणं थांबलं. “दुसरीकडे लागलीस?”

“नाही.”

“विचारलंस तरी कुठे?”

“नाही.”

“मग कशासाठी?”

“मला रोज समोर बघून तुम्हाला आठवण येत असेल.”

“कुणाची?”

“अहो, कुणाची काय? तुमच्या मुलाची.”

सासूबाईंनी खरोखर विचार केला. नंबर सांगायच्या आधी करतात तसा. “तुला बघून? छे. तुला बघून मला आठवतं की बँकेतल्या बाईंचा बायफोकल आज द्यायचाय आणि तू अजून काच बसवली नाहीस. त्याची आठवण येते मला, खोटं कशाला बोलू. पण ती जेवायला बसले की येते. तो असा आवडीने खायचा. तुझा तिथे काही संबंध नाही.” मग त्या जरा थांबल्या. “मला वाटत होतं तूच जाशील. कधी ना कधी जाणारच. म्हणून मी ‘अगं’ म्हणायचं बंद केलं. म्हटलं, आधीच सवय मोडलेली बरी.”

“मोडली?”

“कुठली मोडतेय. रोज सकाळपासून जीभ चावत असते.”

मी हसले, आणि मग रडले, चांगली हुंदके देऊन रडले. त्यांनी माझी पाठ थोपटली नाही, त्यांना ते जमत नाही. माझा चष्मा तेवढा उतरवून घेतला, भिजू नये म्हणून, आणि मांडीवर धरून ठेवला.

“मग? सोडतेस का दुकान?” त्यांनी थोड्या वेळाने विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला होता, पण माझ्या चष्म्यावरची पकड घट्ट होती.

“नाही. बायफोकल कोण बसवणार?”

“तेच म्हणते मी.” त्यांनी श्वास सोडला, माझा चष्मा माझ्या नाकावर चढवला, दोन्ही काड्या सारख्या केल्या आणि उठल्या. “आता परत मार.”

“काय?”

“हाक. मघाशी वळायचं राहून गेलं.”

“आत्ता? इथे? एवढी माणसं आहेत.”

“मघाशी काय कमी होती?”

आणि त्या खरंच चालायला लागल्या. माझ्याकडे पाठ करून, कठड्याच्या कडेने, शाळेच्या मुलींच्या घोळक्यातून, मला लांब वाटेल इतक्या लांब गेल्या आणि डोंगर बघत असल्याचं नाटक करत उभ्या राहिल्या. मला भयंकर लाज वाटत होती. लग्नानंतर पहिल्यांदा आई म्हणायचं होतं तेव्हाही एवढी वाटली नव्हती. मी उभी राहिले.

“आई!”

बायका वळल्याच. पण सगळ्यांच्या आधी त्या वळल्या.

“काय गं?” त्या म्हणाल्या.

मला काहीच सांगायचं नव्हतं.