गोत्रीच्या नेटवरचं बारसं

सुनंदाबाई सुनेच्या बाळंतपणासाठी टोरँटोला गेल्यापासून विश्वंभररावांचा मुक्काम बडोद्यात, मांजलपूरला लेकीकडे होता, आणि तेव्हापासून त्या घराचा दिवस नेटच्या स्पीडने उजाडू लागला. सकाळचा चहा झाला की ते चष्मा पुसून, फोन हातात धरून राउटरपाशी उभे राहत. काटा स्थिर होईपर्यंत श्वाससुद्धा जपून घेत आणि मग स्वयंपाकघराच्या दिशेने पुकारत, "योगे, आज नऊ!" मग त्या आकड्याचा फोटो घरच्या ग्रुपवर जाई. पाठोपाठ बडोद्यातल्याच गोत्रीहून शलाकाचा फोटो येई. शलाका म्हणजे योगिनीची धाकटी चुलतबहीण. तिचा आकडा दोनशे नव्वद, आणि खाली जोडलेले दोन हात.

"ही हात कशाला जोडते?" योगिनी पोळी लाटता लाटता म्हणे. "आपण जोडायचे ना हात, तिच्या नेटला!"

खरं तर नऊमध्येही घर चालत होतं. योगिनी शाळेत गणित शिकवायची, घरी येऊन पेपर तपासायची. पेपरांना काही नेट लागत नाही. तिचा नवरा आशय रिफायनरीतून दमून येई आणि क्रिकेट बघता बघता झोपून जाई, त्यामुळे चेंडू हवेत अडकून राहिला तरी त्याला पत्ता नसे. पण टोरँटोला योगिनीच्या एकुलत्या एका भावाला, नीलला, मुलगी झाली, आणि त्या दिवसापासून नऊचा आकडा तिच्या डोळ्यांत खुपायला लागला.

कारण बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने. हा मान आईचा नाही, आजीचा नाही, आत्याचा. गुजरात्यांतही तेच, फोईनेच, म्हणजे आत्यानेच, नाव पाडायचं. शेजारच्या नयनाबेन बातमी ऐकल्या ऐकल्या म्हणाल्या होत्या, "योगिनीबेन, हवे तमे फोईबा!" योगिनीने त्या दिवशी शाळेत पेढे वाटले. स्वतःला मूल नव्हतं, त्याचं दुःख तिने केव्हाच घडी घालून ठेवून दिलं होतं. पण आत्या व्हायची हौस तिने कधीच लपवली नाही. भाऊ एकच, त्यामुळे आत्या होण्याची संधीही त्या एकाच घरातून येणार होती.

टोरँटोला जायला रजा नव्हती, व्हिसा नव्हता, आणि जानेवारीतल्या त्या थंडीत जायची आशयची छातीही नव्हती. म्हणून नीलने बारसं व्हिडिओ कॉलवर ठरवलं. उत्तरायणानंतरच्या, म्हणजे संक्रांतीनंतरच्या शनिवारी, तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ. आदल्या रविवारी रंगीत तालीम झाली. योगिनी केसांत गजरा माळून स्क्रीनसमोर बसली, बाळाच्या दिशेने झुकली, "कुर्रर्र" म्हणायला तिने तोंड उघडलं आणि टोरँटोच्या पडद्यावर ती तशीच राहिली. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. पुन्हा जोडलं, पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी चित्र हललं, पण आवाज गेला.

"ताई, तू दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी दिसतेस," नील हसत म्हणाला. हे वाक्य मात्र अगदी स्वच्छ ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी योगिनीने नेटच्या कंपनीला धारेवर धरलं. कंपनीचं नाव होतं वायुवेग. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती म्हणायची. फोनवरच्या बाईंनी आधी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं, मग चालू असलेला बंद करून पुन्हा चालू करायला. मग एक तंत्रज्ञ आला, राउटरच्या दिव्यांकडे बघून म्हणाला, "बेन, अमारी साइडथी तो बधुं ओके छे," आणि पाणी पिऊन गेला. तो गेल्यावर नेट रात्रीपर्यंत पूर्णच बंद होतं, आणि थोड्या वेळाने मेसेज आला की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे, कृपया पाच तारे द्या. दुसरी कंपनी घ्यावी तर सोसायटीत दुसऱ्या कोणाची केबलच येत नव्हती. योगिनी इतकी चिडली की सातवी ब च्या सगळ्या वर्गाला तिने जादा गणितं घातली.

मंगळवारी ग्रुपवर नीलचा मेसेज आला. "ताई, राग मानू नकोस. तुझ्याकडचं नेट काही टिकत नाही. ऐन वेळी घोटाळा नको, म्हणून नाव शलूताईकडून ठेवू या का? तीही आत्याच. नाव मी तिला एकटीलाच कळवतो, बाकी कोणालाही नाही. आईलासुद्धा सांगितलेलं नाही!"

लगेच शलाकाचं उत्तर आलं. "मला काई वांधो नाही. सगळ्यांनी माझ्याकडेच या, उंधियू करते."

"वांधो नाही म्हणे!" योगिनीने फोन गादीवर आपटला. "हिला कशाला असेल वांधो?"

"अगं, पण नीलचंही खरंय," विश्वंभरराव राउटरकडे बघत म्हणाले. "आज सात आहे."

रात्री भांडी आवरताना योगिनीला रडू आलं, आणि नेटच्या स्पीडवरून रडू येतंय याचाही राग आला. आशयने तिच्या हातातलं पातेलं घेतलं. "नको जाऊस," तो म्हणाला. "पोट दुखतंय म्हणून सांगू."

"आणि मग आयुष्यभर नील म्हणेल, ताई रुसली म्हणून बारशाला आली नाही. जायचं. चांगली साडी नेसून जायचं."

शनिवारी ते तिघं गोत्रीला पोचले, तेव्हा शलाकाच्या सोसायटीच्या गच्च्यांवर अजून लोक होते. उत्तरायण होऊन गेलं तरी बडोद्याचं पतंगावरून मन निघायला आठवडा लागतोच. शलाकाने टीव्हीला झेंडूची माळ घातली होती, पुढे रांगोळी, ताटात घुगऱ्या. स्वतः ती पैठणी नेसून, नथ घालून टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की योगिनीला तिचा धड रागही करता येईना.

"ताई, माझ्या शेजारी बस ने," शलाका म्हणाली.

"बरी आहे मी इथे," म्हणून योगिनी सोफ्याच्या कडेला टेकली.

टीव्हीवर टोरँटो उजळलं. काय ते चित्र! सुनंदाबाईंच्या शालीची वीणसुद्धा दिसत होती. नीलच्या बायकोने, अवनीने, स्वतःच्या लग्नातल्या शालूची झालर पाळण्याला लावली होती आणि त्यात बाळ मुठी वळून झोपलं होतं. विश्वंभररावांनी सवयीने फोन काढून स्पीड बघितला. "तीनशे दहा!" ते इतक्या अभिमानाने म्हणाले, जणू तो आकडा त्यांनीच कमावला होता. योगिनीला मात्र बाळाच्या कानाची पाळी दिसत होती. इवलीशी, गुलाबी. तिने नजर दुसरीकडे वळवली.

नीलने मोबाइल पाळण्यात बाळाच्या उशाशी धरला. शलाका पुढे झुकली, नथ सावरली आणि म्हणाली, "कुर्र..."

आणि टीव्हीवर एक गोल फिरू लागला.

सगळे तो गोल बघत राहिले. बाहेर गच्चीवरून आरडाओरड ऐकू आली. आशय खिडकीत गेला आणि हसू दाबत परत आला. समोरच्या गच्चीवरच्या एका काकांनी तारेला अडकलेला पतंग ओढून काढला होता. पतंग आला, सोबत सोसायटीच्या नेटची केबलही आली.

"मोबाइलवरून लावा!" विश्वंभरराव म्हणाले. पण सगळी सोसायटी त्याच क्षणी मोबाइलवरून लावायला निघाली होती. शलाकाच्या फोनवर नील दिसला, चौकोनाचौकोनांचा, आणि विरघळून गेला. शलाकाचा चेहरा पडला. तिने कंपनीला फोन केला, तर तिथेही बाईंनी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. एरवी योगिनी मनापासून हसली असती. पण पाळण्यात बाळ वाट बघत होतं, आणि तिला कोणावरच हसू येईना.

तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. साधा फोन, पडद्यावर कॅनडाचा लांबलचक नंबर.

"योगे, मी आई. अवनीच्या फोनवरून करतेय. तुझा एकटीचाच नंबर पाठ आहे बाई मला. हे व्हिडिओबिडिओ पुरे झालं. कानातच सांगायचंय ना? मग कानाला फोन लावते तिच्या. सांग लवकर, उठायच्या आत."

"आई, अगं पण मला नाव..."

आई कुठली ऐकायला! पलीकडे कापडाची सळसळ झाली आणि सगळं शांत झालं. त्या शांततेत कोणीतरी श्वास घेत होतं. भराभर, हलका, मध्येच अडखळून एक मोठा. योगिनीने फोन कानाशी घट्ट धरला. महिनाभर तिने ते बाळ हसताना, जांभया देताना, चौकोनाचौकोनांत रडताना पाहिलं होतं, पण त्याचा श्वास तिने कधीच ऐकला नव्हता.

फोन तिच्या हातात होता, आणि नाव शलाकाजवळ.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हा फोन द्यायची योगिनीची अजिबात इच्छा नव्हती. जन्मात कधी काही हवं वाटलं नव्हतं एवढी ही गोष्ट तिला स्वतःसाठी हवी होती. तरी तिने फोनच्या तोंडावर हात ठेवला आणि तो पुढे केला.

"घे," ती कुजबुजली. "तुला माहीत आहे ते. तूच सांग."

शलाका उठली. फोनसाठी तिचा हात अर्ध्यावर आला, तिथेच थांबला. मग ती खाली वाकली, नथ एका बाजूला धरली आणि योगिनीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "कुर्रर्र... मैथिली."

योगिनी तिच्याकडे बघतच राहिली.

"माझ्याकडे काय बघतेस?" शलाका डोळे पुसत कुजबुजली. "तिला सांग! सख्खी तू आहेस. तीन दिवस आरशासमोर घोकलंय मी, नीट म्हण हं."

योगिनीने फोनवरचा हात काढला, डोळे मिटले, आणि सगळं गोत्री, मांजलपूर, बडोदं बाजूला सारून ती त्या श्वासाजवळ गेली. "कुर्रर्र," ती हळूच म्हणाली. "मैथिली. मैथिली, मी तुझी आत्या."

पाठीत पहिला धपाटा शलाकाने घातला, चांगला सणसणीत. बायकांची संख्या कमी पडतेय हे पाहून दुसरा आशयने घातला. विश्वंभरराव आपला हात उगारून नुसतेच भोवती फिरत होते. "नाव काय? अरे, मला सांगा कोणीतरी, नाव काय ठेवलं?"

"शू!" योगिनीने हात वर केला.

श्वास क्षणभर थांबला होता. मग फोनमधून एक बारीकसा आवाज आला. त्याला हसू म्हणता येईना, रडूही म्हणता येईना. आणि पुन्हा तो श्वास सुरू झाला, शांत, सावकाश. टीव्हीवर गोल फिरत होता, बाहेर गच्चीवर त्या काकांची खरडपट्टी चालली होती. योगिनीने शलाकाचा हात ओढून तिला शेजारी बसवलं आणि फोन दोघींच्या डोक्यांच्या मधोमध धरला.

"येतंय ऐकू?" तिने विचारलं.

शलाकाने मान हलवली. तिची नथ योगिनीच्या गालाला टोचत होती, पण योगिनी जागची हलली नाही.